धरणावरची ओहोटी

मावळात समुद्र नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण नोव्हेंबरातल्या त्या तीन दिवसांत आंबी गावाच्या पुढं, धरणाच्या काठावर उभं राहून कुणी तसं म्हटलं असतं, तर अनघा मॅडमनी त्याला चहाच्या रांगेत सगळ्यांत शेवटी उभं केलं असतं. विद्यापीठाच्या समुद्रविज्ञान विभागातली अकरा मुलं घेऊन त्या इथं सरावाला आल्या होत्या. खऱ्या किनाऱ्यावर, हर्णैला, चौथ्या दिवशी जायचं होतं. खेळ खेळायचा तर पुरता खेळायचा, असा मॅडमचा खाक्या. धरणाला धरण म्हणायचं नाही, समुद्र म्हणायचं. तक्त्यावर ‘सागर केंद्र एक’, ‘सागर केंद्र दोन’ असंच लिहायचं. पाण्यात मीठ नाही हे माहीत असलं तरी मीटर बुडवून, आकडा वाचून, मगच क्षारतेच्या रकान्यात शून्य मांडायचं.

आणि कहर म्हणजे, हर्णैच्या भरती-ओहोटीचं कोष्टक त्यांनी काठावरच्या आंब्याला खिळ्यानं ठोकलं होतं. त्याच वेळा पाळून पाण्यात उतरायचं. सकाळी धुक्यात मॅडम घड्याळाकडं बघत गंभीर आवाजात सांगायच्या, “भरती पुरी झाली. आता ओहोटी लागली.” समोर धरण ताटातल्या पाण्यासारखं निपचित पडलेलं. तरी अकरा मुलं त्या शब्दाबरोबर माना वळवून पाण्याकडं बघायची. बघता बघता खरंच वाटायला लागायचं, की सह्याद्रीच्या पलीकडं कुठं तरी काही तरी मागं सरकतंय आणि त्याची ओढ इथवर पोचतेय.

प्रेरणाला हा खेळ फार आवडला. बाकीची मुलं हसत हसत खेळायची, ती मनापासून खेळायची. तिला तसं कारणही होतं. तिचं घर इथून पाऊण तासाच्या चालीवर, आंबीत. वडील निलेश कारखान्यात पाळीवर जायचे आणि सुट्टीच्या दिवशी दोन एकर भात बघायचे. विभागात मात्र तिनं पहिल्याच दिवशी ‘तळेगावची’ असं सांगून टाकलं होतं. खोटं म्हणावं तर खोटंही नाही, आंबीला पत्र तळेगावावरूनच येतं. पण खरं म्हणावं तर खरंही नाही, हे तिचं तिला माहीत होतं. आणखी एक गोष्ट तिनं लपवली होती. समुद्रविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या या मुलीनं समुद्र पाहिलाच नव्हता. एकदा शाळेची सहल अलिबागला गेली तेव्हा तिला गोवर आला होता, पुढं कधी योग आला नाही. वर्गात कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

धुकं उतरलं की धरणाला पलीकडचा काठ उरायचा नाही. लहानपणापासून पाहिलेलं पाणी एकदम अनोळखी आणि अफाट व्हायचं. अशा वेळी ती कुठल्याच गावची नसायची, आणि ते तिला बरं वाटायचं.

अडचण एकच होती, ती म्हणजे छकुली.

नमुने घ्यायला मॅडमनी तराफा ठरवला होता, निळ्या पिंपांवर फळ्या ठोकून केलेला. तो छकुलीचा. ती डोंगराच्या कुशीतल्या ठाकरवाडीतली, बारकूची मुलगी. याच तराफ्यावरून ती धरणात मासे धरायची. सातवीपर्यंत ती आणि प्रेरणा एका बाकावर बसत. सातवीनंतर छकुली बापाबरोबर कामाला लागली आणि प्रेरणा तळेगावच्या शाळेत गेली. पहिल्या दिवशी तराफा काठाला लागला, छकुलीनं वर पाहिलं, तिचा चेहरा उजळला आणि तिनं हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात प्रेरणा म्हणाली, “ताई, लाइफ जॅकेटं कुठं ठेवायची?”

ताई! खरं तर प्रेरणाच छकुलीपेक्षा दोन महिन्यांनी मोठी होती.

छकुलीनं उघडलेलं तोंड मिटलं. डोळ्यांत एक गंमत चमकून गेली. “हितं ठिवा की मॅडम,” ती म्हणाली. त्यानंतर दोन दिवस ती प्रेरणाला न चुकता मॅडम म्हणत राहिली, आणि दर वेळी प्रेरणाला ते टोचत राहिलं.

खेळात सगळ्यांत जास्त रमली ती छकुलीच. पहिल्या दिवशी ‘ओहोटी लागली’ हे ऐकून तिनं पाण्याच्या कडेला काठी रोवली आणि दोन तासांनी जाऊन बघून आली. “मॅडम, बोटभर बी हललं न्हाई.” सगळे हसले. अनघा मॅडम मात्र हसल्या नाहीत. तिला शेजारी बसवून त्यांनी चंद्र पाणी कसा ओढतो ते समजावलं.

“मंग ह्या पान्याला ओढत न्हाई व्हय चंद्र?”

“ओढतो ना. पण पाणी थोडं आहे, त्यामुळं दिसत नाही.”

छकुली बराच वेळ पाण्याकडं बघत बसली. “वडतो, पन दिसत न्हाई,” ती स्वतःशीच म्हणाली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला विचारलं, हर्णैला दोऱ्या ओढायला, सामान धरायला एक माणूस लागतंच, येशील का? छकुलीनं तिथल्या तिथं तराफ्यावर अशी उडी मारली, की आकाशची वही पाण्यात पडता पडता वाचली. त्या एका दिवसात ठाकरवाडीतल्या सगळ्या घरांना कळलं, की बारकूची छकुली दर्यावर निघाली. तिनंही समुद्र पाहिला नव्हता. पण तिनं ते लपवलं नाही, भेटेल त्याला विचारत सुटली. त्या पाण्याला दुसरा काठ कधीच दिसत नाही का? मग मासेवाले परत कसे येतात? रात्री त्याचा आवाज बंद करतात का? मुलं खो खो हसायची आणि उत्तरं देताना स्वतःच अडखळायची.

तिसऱ्या दिवशी पहाटे धुकं इतकं दाट होतं, की तराफ्याच्या एका टोकावरून दुसरं टोक पुसट दिसत होतं. प्रेरणा आणि आकाश यांची जोडी केंद्र तीनवर जायची होती. आकाश पुण्याचा, चष्मेवाला, कामाला चोख. तो काठावर बाटल्यांना चिठ्ठ्या लावत बसला होता. छकुली वल्ही आणायला गेली होती. दोऱ्या बांधायच्या राहिल्या होत्या, त्या प्रेरणानं घेतल्या. पांढऱ्या-काळ्या तबकडीला एक दोरी, ती पाणी किती गढूळ आहे ते बघायला. दुसरी दोरी नमुन्याच्या बाटलीला. ही बाटली म्हणजे विभागाचा जीव की प्राण. दोन्ही तोंडं उघडी ठेवून खोल सोडायची, मग दोरीवरून एक पितळी वजन खाली घसरू द्यायचं. वजन खटकन बसलं की तोंडं बंद होतात आणि त्या खोलीचं पाणी आत कोंडलं जातं. गाठ कशी मारायची ते मॅडमनी दोन दिवस घोटून घेतलं होतं.

पण बोटं गारठलेली होती आणि डोकं धुक्यात होतं. प्रेरणा विचार करत होती उद्याचा. किनाऱ्यावरच्या होडीत सहाच जणांना जागा आहे, मॅडम आज संध्याकाळी नावं सांगतील. आपलं नाव येईल. पहिल्यांदा ते पाणी बघताना चेहरा कसा ठेवायचा, म्हणजे कुणाला कळणार नाही? तिनं दोन्ही गाठी मारल्या आणि आपण कुठली गाठ मारली याकडं तिचं लक्षच नव्हतं.

केंद्र तीनला पाणी अठरा मीटर खोल. बाटली गेली. आकाशनं वजन सोडलं. प्रेरणानं दोरी बोटांत धरली. हा क्षण तिला फार आवडायचा. डोळ्यांना धुक्याशिवाय काही दिसत नाही, कानांना काही ऐकू येत नाही आणि खालून, अंधाऱ्या पाण्यातून, बोटांना एक बारीकशी टक लागते. कुणी तरी दार वाजवावं तशी. ती टक आली. तिनं ओढायला सुरुवात केली. दोरी कशात तरी अडकली, बहुतेक बुडलेल्या झाडाची फांदी असावी. तिनं हिसका दिला. आणि एकदम दोरी हलकी झाली.

इतकी हलकी, की नुसत्या दोन बोटांनी वर यावी. वर आलं ते नुसतं ओलं टोक, कुठं तुटलेलं नाही, कुठं उसवलेलं नाही.

छकुलीनं तराफा काठाला आणला. मॅडमनी दोरीचं टोक बघितलं. मग तबकडीची दोरी हातात घेतली. तिची गाठ अजून शाबूत होती. मॅडमनी सुटं टोक जरासं ओढलं आणि गाठ त्यांच्या हातात अलगद सुटली.

“ही मी शिकवलेली गाठ नाही,” त्या हळू म्हणाल्या. “ही सुरगाठ आहे. गुरं बांधायची. कुणी बांधली?”

आत्ता प्रेरणाला कळलं. शेळ्या बांधायची गाठ. बिबट्या आला तर एका हिसक्यात सुटली पाहिजे, म्हणून तशी मारायची असते. डोक्यानं कितीही समुद्र शिकला, तरी तिच्या बोटांनी आंबी सोडली नव्हती. नियम सगळ्यांना पाठ होता. ज्याच्या हातून उपकरण जाईल, तो किनाऱ्यावर येणार नाही. तिला बोलायचं होतं. पण बोलायचं म्हणजे नुसती चूक कबूल करायची नव्हती. ही गाठ तुला कुठून येते, याचंही उत्तर द्यायला लागलं असतं. ती सुटलेल्या दोरीकडं बघत राहिली.

“मी तराफ्यावर आलो तेव्हा दोऱ्या बांधूनच होत्या, मॅडम,” आकाश म्हणाला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, त्याला माहीत होतं तेवढं त्यानं सांगितलं. पण ते ऐकून दहा जणांनी एकदम छकुलीकडं पाहिलं. गुरांची गाठ दुसरं कोण मारणार?

छकुलीनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. तिनं प्रेरणाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उजवा हात पुढं करून ती म्हणाली, “म्या बांदली.”

आणि तशीच उभी राहिली, हात पुढं करून, प्रेरणाकडं बघत.

प्रेरणानं मूग गिळले. पाण्यावरून धुकं सरकत होतं, कुठं तरी एक पाणकावळा पंख झटकत होता, ते सगळं तिला स्वप्नात दिसावं तसं दिसत होतं. आपण आत्ता काही बोललो नाही, तर हे स्वप्नच राहील, असंही तिला वाटलं.

“गाठी मुलांनीच मारायच्या, असं सांगितलं होतं ना तुला?” मॅडमचा आवाज चढला नाही, पण थकला. “तू आता घरी जा, छकुली. उद्या हर्णैलाही नको येऊस. मला तिथं अशी जोखीम घेता येणार नाही. जुनी एक बाटली आहे, गळते जराशी, तिच्यावर भागवू.”

छकुलीनं हात खाली घेतला. “बरं,” म्हणाली. तराफा बांधला आणि गवतातून निघून गेली. जाताना तिनं मागं वळून पाहिलं नाही.

दिवस कसा गेला ते प्रेरणाला सांगता आलं नसतं. दोन वाजता मॅडमनी ओहोटी पुरी झाल्याचं जाहीर केलं. मुलं तक्ते भरत होती. ऊन पाण्यावर असं पसरलं होतं, की बघणाऱ्याला झापड यावी. तिनं जेवण चिवडलं. तिनं दोन तक्ते चुकवले, क्षारतेच्या रकान्यात शून्याऐवजी पस्तीस लिहून ठेवलं, खऱ्या समुद्राचा आकडा. आकाशनं तो मुकाट्यानं खोडला. “बरं वाटत नाही का?” त्यानं विचारलं. ती नाही म्हणाली आणि उठून गवतातल्या पायवाटेनं चालायला लागली.

छकुली फार लांब गेलीच नव्हती. वळणावरच्या कातळावर बसून ती जाळं निवडत होती.

“का बोललीस तसं?” प्रेरणानं विचारलं. विद्यापीठातली भाषा केव्हाच गळून पडली होती. “म्या बांदली व्हती गाठ. तुला ठावं हाय.”

“ठावं हाय की.”

“मंग? तुला कुनी सांगितलं व्हतं मला वाचवायला?”

छकुलीनं जाळं मांडीवर ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य होतं, आणि ते रागाहून वाईट होतं.

“तुला वाचवायला?” ती म्हणाली. “पिरे, तू इसरलीस व्हय? गुर्जींनी छडी काढली की आपन काय करायचो? तू पाटी फोडलीस तवा म्या हात पुढं केलता. लगेच तू उठलीस, न्हाई गुर्जी, मी. म्या म्हनलं, न्हाई, मी. गुर्जींना कळंना कुनाला हानावं, दोघींना सोडलं. दर बारीला त्येच. म्या तू उठायची वाट बघत व्हते गं.” ती थांबली. “लय येळ बघितली.”

प्रेरणाला एकदम सगळं आठवलं. सारवलेली जमीन, खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा, छकुलीचा पुढं केलेला हात आणि आपण उठताना बाकाचा होणारा आवाज. सकाळचा तो हात. तिला वाटलं होतं, छकुलीनं तिच्यासाठी समुद्र सोडला. छकुलीनं काही सोडलंच नव्हतं. तिनं फक्त विश्वास ठेवला होता. शरमेनं प्रेरणाचे कान तापले, डोळे भरून आले आणि ते लपवायची तिला गरजही वाटली नाही.

“चल,” ती म्हणाली.

“कुटं?”

ती उत्तर द्यायला थांबली नाही.

मॅडमनी मुक्कामाच्या घराच्या ओट्यावर सगळ्यांना गोळा केलं होतं. सूर्य डोंगराला टेकला होता आणि सबंध धरण तांबूस झालं होतं. सहा नावांची यादी त्यांच्या हातात होती. पहिलंच नाव त्यांनी वाचलं, “प्रेरणा,” आणि प्रेरणा धापा टाकत अंगणात आली.

“मॅडम, गाठ मी बांधली होती.”

तिनं श्वास घेतला आणि थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. “दोन्ही गाठी मीच बांधल्या. छकुलीनं हात लावला नव्हता. मला ती गाठ येते, कारण मी तळेगावची नाही, इथलीच आहे, आंबीची. आमच्याकडं शेळ्या होत्या. गाठ मला तिनंच शिकवली, आम्ही एका वर्गात होतो. आणि मी सकाळी गप्प बसले.” मग कुणी विचारलं नसताना तिनं तेही सांगून टाकलं, “आणि मी समुद्रसुद्धा पाहिलेला नाही.”

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या मागं पाहिलं. पायवाटेच्या तोंडाशी छकुली येऊन उभी राहिली होती.

प्रेरणाच्या मनात तेव्हा एक आशा होती, ती कबूल केलीच पाहिजे. तिचे कान मागं लागले होते. आता छकुली हात पुढं करील. आता म्हणेल, न्हाई मॅडम, मी. मग मॅडमना कळणार नाही, कुणाला काय म्हणावं.

छकुली काही बोलली नाही.

पाण्यावरून बगळ्यांची एक रांग परतत गेली. एक, दोन, तीन, सगळे गेले. छकुली उभीच होती, दोन्ही हात पदराखाली धरून.

“बाटली गेली, ते मी समजू शकते,” अनघा मॅडम शेवटी म्हणाल्या. “उपकरणं हरवतात. पण तू एका माणसाला घरी जाऊ दिलंस. उद्या तू हर्णैला येणार नाहीस.” त्यांनी यादीतलं पहिलं नाव खोडलं. खोडताना त्यांनाही वाईट वाटत होतं, ते त्यांच्या हाताच्या संथपणावरून दिसलं. मग त्या ओट्यावरून उतरून छकुलीपाशी गेल्या. “आणि तुझ्या बाबतीत चुकलं ते माझं. मी नीट विचारायला हवं होतं, तू म्हणालीस ते लगेच धरून चालायला नको होतं. माफ कर मला. येशील उद्या?”

प्रेरणानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. हात पुढं करायला अजूनही वेळ होता. छकुलीनंही तिच्याकडं पाहिलं, सरळ, डोळ्याला डोळा देऊन, सकाळी पाहिलं होतं तितकाच वेळ. त्या बघण्यात प्रेम होतं, हे प्रेरणा पुढं आयुष्यभर शपथेवर सांगू शकली असती.

मग छकुली मॅडमकडं वळली.

“गाडी किती वाजता सुटतीया?” तिनं विचारलं.